आबांच्या वहीमागे तीन दिवस

सुभेदार आबांना जाऊन या जानेवारीत वर्ष झालं. वय ९६. त्यातली २८ वर्षं मराठा लाईट इन्फंट्रीत गेली आणि त्यानंतरची जवळजवळ पन्नास सोलापूरच्या माळावर. घरच्यांनी वर्षश्राद्ध रीतीप्रमाणे केलं. त्याच आठवड्यात, त्यांच्याबरोबर माळ तुडवलेल्या आम्ही पाच जणांनी त्यांच्या पक्षी पाहायच्या तीन ठरलेल्या जागा त्यांच्याच क्रमानं करायचं ठरवलं: हिप्परग्याचा तलाव, नान्नजचा माळ आणि उजनी धरणाचा फुगवटा. घरून त्यांची शेवटची वही मागून घेतली होती.

वहीबद्दल आधी सांगायला हवं. साधी लांब वही, पट्टीनं आखलेले सात रकाने: तारीख, वेळ, वारा, जागा, पक्षी, किती, काय करत होता. वारा बाणानं दाखवलेला. सगळं शिसपेन्सिलीनं, कारण पहाटेच्या दवात आणि घामाच्या हातात शाई फुटते. पेन्सिलीला मागून खाच पाडून दोरा बांधलेला, दुसरं टोक शर्टाच्या गुंडीला. गवतात पडलेली पेन्सिल परत सापडत नाही.

सामानाची यादीही त्यांचीच. ८ बाय ४० ची दुर्बीण. १० पटीची मुद्दाम नाही, कारण ती हाताची थरथरही १० पटीनं दाखवते आणि नऊनंतर माळावर हवा लहरू लागली की जास्त मोठं केलेलं चित्र नुसतं उकळल्यासारखं दिसतं. माणशी दोन लिटर पाणी, कडक भाकरी, शेंगाचटणी, धुऊन विटलेले मातकट कपडे. पांढरा रुमालसुद्धा नको.

पहिला दिवस: हिप्परगा

मुंबईकडून येणाऱ्यांना रात्रीची सिद्धेश्वर एक्स्प्रेस सोयीची, सकाळी सोलापुरात उतरवते. त्या दिवशी दुपारपर्यंत आराम करून तीनला निघालो. तुळजापूर रस्त्यानं शहर मागे पडलं की थोड्याच वेळात एकरुखचा, म्हणजे लोकांच्या तोंडी हिप्परग्याचा तलाव लागतो. आदिला नदीवर मातीचा बांध घालून केलेला हा तलाव १८७१ मध्ये पूर्ण झाला. शेतीला पाणी द्यायला बांधला आणि पुढं शहरालाही त्यानं पाणी पाजलं.

तलावावर पहिली चूक होते ती काठ निवडण्यात. ऊन समोरून आलं की सगळी बदकं काळी दिसतात आणि मग नुसता आकारावर अंदाज. आबांचा नियम पक्का होता: सकाळी पूर्वेचा काठ, संध्याकाळी पश्चिमेचा, ऊन कायम पाठीवर. दुसरी चूक बांधावर उभं राहण्याची. माणूस आभाळाच्या पार्श्वभूमीवर उभा दिसला की पक्षी लांबूनच सरकतात. बांधाच्या उतारावर, कड्याच्या खाली चार-पाच फूट बसायचं. फौजेत शिकवतात तेच, आभाळरेषेवर दिसू नये.

जागा दाखवायची त्यांची रीत पाचही जणांच्या अंगवळणी पडली आहे, आणि ज्यांनी कधी गटानं पक्षी पाहिले असतील त्यांना तिचं मोल कळेल. "अरे तो बघ, त्या झाडाजवळ" म्हणून काही कळत नाही. आधी सगळ्यांना एक ठळक खूण धरायला लावायची, समजा पाण्यातलं वाळलेलं बाभळीचं खोड. ती खूण घड्याळाच्या मध्यावर आहे असं धरायचं. मग "खोड, चार वाजता, तीन बोटं" एवढंच. हात पूर्ण ताणला की एका बोटाची रुंदी साधारण २ अंश भरते, मिटलेली मूठ १० अंश. पाचशे मीटरवर एक बोट म्हणजे सतरा-अठरा मीटर. हात अर्धवट वाकवून मोजलं की हिशेब चुकतो आणि पाच माणसं पाच ठिकाणी बघत बसतात.

त्या संध्याकाळी वारकऱ्यांचा (या काळ्या पाणपक्ष्याचं नावच वारकरी) मोठा जमाव मध्यभागी, काठाच्या उथळ पाण्यात शेकाटे, थापट्या बदकांची जोडपी चोच पाण्यावर टेकवून गोल फिरत होती. थापट्या असं का फिरतो ते वहीत एका जुन्या नोंदीत लिहिलंय: फिरण्यानं तळाचं बारीक खाद्य वर येतं आणि पसरट चोचीतून गाळलं जातं. नदी सुरय दोन, चित्रबलाक सात.

थवा मोजताना एकेक डोकं मोजत गेलं की पक्षी हलतात आणि आकडा फसतो. थव्याच्या कडेचे दहा नीट मोजायचे, त्या दहांनी किती जागा व्यापली ते डोळ्यात बसवायचं, आणि तसे किती तुकडे होतात ते बघायचं. दोघांनी वेगवेगळं मोजायचं, एकमेकांना आकडा न सांगता लिहायचं. मोठ्या थव्याचा अंदाज बहुतेक वेळा कमीच निघतो. वारकऱ्यांचे आमचे दोन आकडे २४० आणि ३१० आले. आबा अशा वेळी सरासरी काढत नसत, पुन्हा मोजायला लावत. पुन्हा मोजलं, २९० ठरले.

दुसरा दिवस: नान्नज

पहाटे साडेपाचला निघालो. बार्शी रस्त्यानं नान्नज वीस-बावीस किलोमीटर. गावाला आता माळढोक पक्ष्याइतकीच द्राक्षांची ओळख आहे. सोनाका आणि शरद सीडलेस हे बिनबियांचे वाण इथल्याच नानासाहेब काळे यांनी निवडून काढले. वन विभागाच्या कार्यालयात नोंद करून, ठरवून दिलेल्या वाटेनंच आत जायचं. गाडीतून उतरून गवतात शिरायचं नाही, ते जमिनीवर अंडी घालणाऱ्या पक्ष्यांचं घर आहे.

सूर्य सातच्या सुमारास वर आला. पवन्या आणि कुसळीचं गवत वाळून सोनेरी झालेलं, त्यावर दव. कुसळीची काटेरी टोकं मोज्यात शिरतात आणि पुढं पुढंच सरकतात, म्हणून मोजे पँटच्या वर नकोत, पँट मोज्यांच्या वर हवी. काळविटांचा एक कळप अर्ध्या किलोमीटरवर, पुढं काळा-पांढरा नर, शिंगं पीळदार, मान उंच. बाकी माद्या आणि पाडसं तपकिरी.

आबा पेन्शनीत आले तेव्हा बहात्तरच्या दुष्काळाच्या खुणा ताज्या होत्या. जिल्ह्यात पाऊस आधीच जेमतेम, पाचशे-सहाशे मिलिमीटरच्या घरात. त्यात उघडा मुरूम, फुटलेले दगड, खंगलेली गुरं. माळ म्हणजे पडीक जमीन आणि पडीक जमिनीवर झाडं लावणं म्हणजे पुण्य, असंच तेव्हा सगळे मानत. आबांनीही मानलं. गावाजवळच्या माळावर त्यांनी एका पावसाळ्यात गिरिपुष्प आणि सुबाभळीची सहाशे रोपं लावली. शिस्तीत, कवायतीच्या रांगांसारखी. रोपं जगलीही.

चूक त्यांना वहीनं दाखवली. चौथ्या वर्षी त्या तुकड्यावर धाविक आणि चंडोल या दोन पक्ष्यांपुढं शून्य पडू लागलं. धाविक हा उघड्या, आखूड गवतावर धावणारा पक्षी. त्याला चारी बाजूंना लांबपर्यंत दिसायला हवं. माळढोकाचंही तसंच. उंच झाडांची रांग म्हणजे त्याच्या लेखी शिकारी पक्ष्याला बसायची जागा आणि लांडग्या-कुत्र्याला लपायची जागा. झाडाखाली सावली पडली की पवन्या, मारवेल मरतं आणि नाकतोडे कमी होतात. नाकतोडा, भुंगेरा, सरडा, बोरं, शेतातल्या शेंगा हे माळढोकाचं खाणं. सहाशे झाडांनी माळ हिरवा केला आणि आतून रिकामा केला.

मग त्यांनी स्वतः लावलेली झाडं काढायला घेतली. गावानं नावं ठेवली. फौजेतून आलेला माणूस आधी झाडं लावतो आणि मग उपटतो, याचा अर्थ लावणं लोकांना कठीणच होतं. त्यातही धडा होता: गिरिपुष्प बुडातून तोडलं तर पुढच्या पावसात एका खोडाला सहा-सात फुटवे येतात. पहिल्या वर्षी तोडलेली सगळी झाडं अशी परत उगवली. पावसाळ्यानंतर जमीन ओली असताना खोडाभोवती दीड फूट खणून मूळ काढलं तरच ते संपतं. सगळी काढायला तीन हिवाळे लागले. त्यानंतर दुसऱ्या पावसाळ्याच्या शेवटी वहीत एक ओळ आहे: "धाविक, २, धावत होते." त्या ओळीखाली पेन्सिलीनं रेघ ओढलेली आहे. एवढ्या वर्षांच्या वह्यांत रेघ ओढलेली नोंद हीच.

आमच्या मते आबांच्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं काम हे आहे. झाडं लावणारे पुष्कळ असतात, त्यांचे सत्कारही होतात. लावलेलं झाड चुकीच्या जागी आहे हे कबूल करून कुदळ हातात घेणारा माणूस क्वचित भेटतो.

माळढोकाचं अभयारण्य १९७९ साली जाहीर झालं. कागदावर ते तब्बल ८४९६ चौरस किलोमीटर होतं, त्यात गावं, शेतं, रस्ते सगळं आलं, आणि लोकांना स्वतःच्या जमिनीचे व्यवहार करणंही अवघड झालं. पुढं ते कमी करून १२२२ चौरस किलोमीटरवर आणलं गेलं. तोवर आजूबाजूचा माळ ऊस आणि बागांखाली गेला होता. माळढोक हा जवळजवळ मीटरभर उंचीचा, नर १५ किलोपर्यंत भरणारा पक्षी. मादी वर्षाला बहुधा एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर. एक अंडं गुरांच्या पायाखाली गेलं की त्या मादीचं ते वर्ष बहुतेक वेळा गेलंच. त्याचे डोळे डोक्याच्या बाजूंना असल्यानं समोरचं कमी दिसतं, आणि अंग जड असल्यानं ऐनवेळी वळता येत नाही. उच्च दाबाच्या तारांवर तो आपटतो तो यामुळं. संपूर्ण देशात आता दीडशेच्या आतच उरलेत आणि त्यातले बहुतेक राजस्थानात.

पाहायचाच असेल तर पावसाळा. नर तेव्हा गळ्याची पिशवी फुगवून, शेपूट पाठीवर घेऊन घुमतो आणि तो आवाज लांबवर जातो. हिवाळ्यात गवताच्या रंगात तो विरून जातो. लांबून पांढरी मान दिसली की आधी गायबगळा किंवा शेळी समजून नजर पुढं सरकते. म्हणून पांढरा ठिपका दिसला की त्यावर पूर्ण एक मिनिट थांबायचं. डोक्यावर काळी टोपी आहे का, मान सरळ आहे का ते बघायचं.

सात ते साडेदहा, साडेतीन तास. मनोऱ्यावरून माळाचे चार भाग पाडून प्रत्येकानं एकेक घेतला, पाचव्यानं नोंद. दर पंधरा मिनिटांनी भाग बदलायचा, एकाच तुकड्याकडे बघून डोळा बधिर होतो. "हिलना नहीं" ही आबांची एकच आज्ञा असायची, ती कुणी न सांगता पाळली गेली. खोकडं दोन दिसली, एक बिळाच्या तोंडाशी उन्हात. तितर ओरडत होते. टिटवीनं एकदा गोंधळ घातला. चंडोल गात गात वर गेला आणि दगडासारखा खाली आला.

वहीत लिहिलं: "माळढोक, ०."

शून्य लिहायचं हे आबांनी कधी सोडलं नाही. दिसलेलंच लिहिलं तर दहा वर्षांनी वही उघडणाऱ्याला वाटेल की त्या दिवशी कुणी बघितलंच नव्हतं. बघितलं होतं, नीट बघितलं होतं आणि नव्हता, ही वेगळी गोष्ट. त्यांच्या शेवटच्या काही वह्यांत माळढोकाच्या ओळीत शून्यांची रांग आहे. प्रत्येक शून्य गोल आणि पूर्ण.

दुपारी त्यांच्या शेतावर. हंगाम हुरड्याचा, आगटी पेटलेली होती, त्यावर जास्त लिहीत नाही. बांधावरची झाडं पाहायची होती. माळावरून झाडं काढली म्हणजे आबांनी झाडं लावणं सोडलं असं नाही, जागा बदलली. बांधावर हिवर, बोर, कडुनिंब, बाभूळ. पद्धत अशी: मे महिन्यात दीड फूट लांब, रुंद, खोल खड्डा घेऊन महिनाभर तापू द्यायचा. भरताना वरची काळी माती आणि दोन घमेली कुजलेलं शेणखत, खालचा मुरूम बाहेरच. रोप पहिल्या पावसाला लावायचं नाही. दुसरा-तिसरा चांगला पाऊस होऊन ओल फूटभर गेली की मग. पिशवीच्या तळाशी गोल गुंडाळलेली मुळं धारदार चाकूनं कापायची, नाहीतर झाड चार वर्षं बरं दिसतं आणि पाचव्या वर्षी वाऱ्यात कलंडतं.

रोपापासून एक वीत अंतरावर सात-आठ लिटरचं मडकं गळ्यापर्यंत पुरायचं, तोंडावर फरशीचा तुकडा. उन्हाळ्यात चार-पाच दिवसांनी भरायचं. मडकं रंगवलेलं असेल तर ते झिरपत नाही, ही नेहमीची फसगत. दुसरी फसगत बोअरच्या जड पाण्याची: वर्ष-दीड वर्षात क्षारानं मडक्याची छिद्रं बुजतात, वरून पाणी भरलेलं दिसतं आणि रोप मात्र वाळतं. चार दिवसांनी मडक्यातलं पाणी उतरलं नसेल तर ते बाहेर काढून काथ्यानं घासायचं किंवा सरळ बदलायचं.

शेताच्या कडेला त्यांनी केलेला पाणवठा बशीसारखा आहे, उभ्या भिंतींचा नाही. मध्ये जेमतेम फूटभर खोल आणि कडेला हळूहळू उथळ होत गेलेला. उभ्या भिंतीच्या हौदात खोकडाची पिल्लं आणि तितराची पिल्लं उतरतात आणि चढता येत नाही म्हणून बुडतात. दर दहा दिवसांनी शेवाळ खरवडायचं. हे काम आता त्यांच्या सूनबाई करतात.

सूर्य कलला तसे पुन्हा माळाच्या कडेला. भोवत्यांची वेळ. मध्य आशियातल्या गवताळ प्रदेशातून हे शिकारी पक्षी हिवाळ्यात इकडं येतात आणि रात्री झाडावर न बसता गवतात, जमिनीवर मुक्काम करतात. गुडघाभर उंचीचं गवत त्यांना लागतं, धाविकाला बोटभर. म्हणून सगळा माळ राखून ठेवणं जसं चूक, तसं सगळा चारून टाकणंही चूक. काही तुकडे चराईला, काही कापणीला, काही दोन वर्षं राखीव, असं फिरतं ठेवावं लागतं. सव्वासहाला पहिला राखी नर आला, गवताच्या शेंड्यांवरून हातभर उंचीनं, पंख इंग्रजी व्हीसारखे उचललेले. मग एकामागून एक. अंधार पडेपर्यंत २३ मोजले.

तिसरा दिवस: केत्तूर

पहाटे चारला निघून मोहोळ, टेंभुर्णी, तिथून जेऊरमार्गे करमाळा तालुक्यातलं केत्तूर. भीमेवरचं उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झालं, एकूण साठा ११७ टीएमसी. त्या पाण्यानं जिल्ह्याचा उसाचा पट्टा उभा केला, माळढोकाचे माळ त्यातच गेले. आणि त्याच पाण्याच्या उथळ कडांवर हजारो कोसांवरून पाणपक्षी येऊ लागले. आबांच्या वह्यांत हे दोन्ही बदल शेजारशेजारच्या नोंदींत दिसतात, एक उतरत जाणारा, एक चढत जाणारा. शेतकऱ्याला पाणी मिळालं याचा त्यांना आनंदच होता, ते स्वतः शेतकऱ्याचे पोर. फक्त दोन्ही नोंदी ठेवायला हव्यात, असं ते म्हणत.

रोहित (फ्लेमिंगो) पाहायला जानेवारीत आलेले लोक बऱ्याचदा निराश होतात. कारण सोपं आहे. रोहित डोकं उलटं करून, चोच चिखलात घालून खाद्य गाळतो. त्याला गुडघाभर पाणी आणि मऊ गाळ हवा. धरण भरलेलं असताना गाळाची मैदानं पाण्याखाली असतात. पाणी उतरू लागलं, म्हणजे फेब्रुवारीच्या शेवटापासून पुढं, की थवे जमतात. यंदा पाणी भरपूर, लांबवर १४ रोहित दिसले.

आमचं काम पट्टकदंबांकडं होतं. राखी हंस, पांढऱ्या डोक्यावर मागच्या बाजूला दोन काळे पट्टे. आबांना पक्ष्यांचं वेड लावलं ते यानं, आणि ते इथं नाही, लडाखमध्ये. साठच्या दशकात तिथं पोस्टिंग असताना साडेचार हजार मीटर उंचीवरच्या सरोवरांकाठी त्यांनी या हंसांची घरटी आणि पिल्लं पाहिली. नाव माहीत नव्हतं. गस्तीच्या वहीत मागच्या पानावर डोकं आणि दोन पट्टे काढून ठेवले. उजनी भरल्यानंतर एका हिवाळ्यात फुगवट्याच्या काठच्या हरभऱ्यात तेच दोन पट्टे दिसले आणि ते जुनं पान त्यांनी नव्या वहीत शिवून टाकलं. ते पान अजून आहे, घड्यांवर झिजलेलं. हंसाची मान जरा जास्तच लांब काढली आहे, पट्टे मात्र बरोबर दोन.

हे हंस रात्र पाण्यावर काढतात आणि सकाळी शेतात चरायला येतात, म्हणून होडीपेक्षा आधी बांध. उजेड पडायच्या आत जाऊन बसायचं, हंस उतरल्यावर हलायचं नाही. मानही फिरवायची ती हळू. शेतमालकाला आदल्या दिवशी विचारून ठेवायचं. पिकात पाय घालायचा नाही. होडी घेतली तर अंगावर जाकीट बांधल्याशिवाय बसू नये आणि साडेनऊनंतर वारा उठतो, त्याआधी परत यावं. थव्यापासून दोनशे मीटरवर इंजिन बंद. माना एकदम ताठ झाल्या की ते उडायच्या बेतात आहेत. तिथंच थांबायचं, फोटोसाठी आणखी पुढं नाही.

सव्वासातला पहिला आवाज आला, नाकातून काढल्यासारखा, मग थवा. हरभऱ्याच्या कडेला उतरले. तीनदा मोजले.

वहीतलं शेवटचं लिहिलेलं पान आबांच्या अखेरच्या महिन्यातलं. अक्षर खाली उतरत गेलेलं, रकाने तेच. जागेच्या रकान्यात रोज एकच शब्द: "खिडकी". चिमण्या ६. साळुंकी २. चिमण्या ४. चिमण्या ०. चिमण्या ५, "पाणी पीत होत्या". त्याखालची ओळ मोकळी होती. तिथं पेन्सिलीनं लिहिलं: वेळ ७.२०, वारा ईशान्येचा बाण, जागा केत्तूर, पट्टकदंब, ४१, "हरभऱ्यात चरत होते. ८.४० ला उठले, पाण्यावर गेले."